प्रकल्प नोंदी: नियत आणि यादृच्छिक प्रणालींचा लापुनोव्ह घातांक

८ जुलै, कलिना, मुंबई

प्रकल्पाचा प्रश्न: एक प्रणाली ठरलेल्या नियमाने चालते, दुसरी दर पायरीला नाणे उडवून नियम निवडते. दोन्ही एकाच मापाने मोजता येतात का? माप लापुनोव्ह घातांकाचे. अगदी जवळच्या दोन बिंदूंमधले अंतर दर पायरीला किती पट होते ते पाहायचे, त्या पटीचा लॉग घ्यायचा, मग सगळ्या लॉगांची सरासरी काढायची. लॉग आधी, सरासरी नंतर. हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवला आहे, ऑगस्टमधले निम्मे काम त्याच्यावरच उभे राहणार आहे.

साधने: पायथन, नमपाय, आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब, जास्त अंकांच्या हिशेबाला एमपीमॅथ. कोणताही लॅपटॉप पुरतो. १ कोटी पायऱ्यांचा साधा लूप पायथनमध्ये रेंगाळतो, तोच नंबा (पायथनचा कोड वेगवान करणारे साधन) लावून चालवला की चुटकीसरशी होतो. या वहीत लॉग म्हटले की नैसर्गिक लॉग.

११ जुलै

सुरुवात लॉजिस्टिक मॅपने (मॅप म्हणजे जुन्या क्ष वरून नवा क्ष देणारा नियम): नवा क्ष = र × क्ष × (१ − क्ष). र = ४ ला उत्तर आधीच ठाऊक आहे, लॉग २ म्हणजे ०.६९३१. प्रोग्रॅम तपासायला याहून सोयीची जागा नाही. दर पायरीला विकलजाचा (नियमाच्या उताराचा, म्हणजे अंतर किती पट होते त्याचा) आकार |४ − ८ क्ष| घेऊन त्याचा लॉग बेरजेत टाकायचा, शेवटी पायऱ्यांच्या संख्येने भागायचे.

सुरुवातीचा बिंदू निवडताना जपायला हवे. ०.५ घेतला तर पुढे १, मग ०, आणि खेळ खलास. शिवाय ०.५ ला विकलज शून्य आहे, त्याचा लॉग उणे अनंत, आणि असा एक उणे अनंत अख्खी सरासरी गिळून टाकतो. ०.२५ त्याहून फसवा. पुढच्याच पायरीला ०.७५ येतो आणि तो स्थिर बिंदू आहे. कक्षा (एकामागून एक येणाऱ्या क्ष ची रांग) तिथे ठाण मांडून बसते, तरी पडद्यावर ०.६९३१ झळकते, कारण |४ − ६| = २. उत्तर बरोबर, कक्षा साफ चूक.

हे योगायोगाने घडत नाही. र = ४ चा लॉजिस्टिक मॅप आणि टेंट मॅप (त्याचा नियम १५ जुलैच्या नोंदीत) एकमेकांचे वेषांतर आहेत: क्ष = साइन वर्ग (पाय × थ ÷ २) एवढा बदल केला की एकाचा दुसरा होतो. त्यावरून न पायऱ्यांची बेरीज नेमकी अशी सुटते: न × लॉग २, अधिक लॉग [शेवटचा क्ष (१ − शेवटचा क्ष) ÷ पहिला क्ष (१ − पहिला क्ष)] चा अर्धा. मधल्या सगळ्या पायऱ्या कटून जातात, फक्त दोन टोके उरतात. म्हणून आवर्ती कक्षेवरही (स्थिर बिंदू ० सोडून, तिथे लॉग ४ येतो) घातांक लॉग २ च निघतो. आणि म्हणूनच इथली चूक १ ÷ न या वेगाने कमी होते: १,००० पायऱ्यांत साधारण तिसऱ्या दशांशापर्यंत. हा वेग पाहून सुखावू नये. यादृच्छिक प्रणालीत चूक १ ÷ √न ने घटते. तिथे एक दशांश जास्त हवा असेल तर शंभर पट पायऱ्या मोजाव्या लागतात.

तेव्हा घातांक जुळला म्हणून थांबलो नाही, हिस्टोग्रॅमही तपासला. टिकाऊ घनता (लांब कक्षा कुठे किती वेळ घालवते ते सांगणारी) १ ÷ (पाय × √(क्ष(१ − क्ष))) असते, त्यामुळे ० ते ०.१ या पट्ट्यात २०.४८ टक्के वेळ जायला हवा आणि ०.४५ ते ०.५५ मध्ये फक्त ६.३८ टक्के. स्थिर बिंदूवर अडकलेली कक्षा या चाचणीत लगेच पकडली जाते.

१५ जुलै

पूर्णांकनाचा (संगणक आकड्याची शेपटी कापून जवळचा आकडा घेतो त्याचा) दिवस. टेंट मॅप (क्ष अर्ध्याहून कमी असेल तर २ क्ष, नाहीतर २ − २ क्ष) थेट चालवला तर नमपायच्या कोणत्याही रँडम अंकापासून सुरुवात करा, ५४ पायऱ्यांच्या आत सगळ्या कक्षा शून्यावर. गणितानुसार जवळजवळ प्रत्येक बिंदू कायम भटकत राहिला पाहिजे. यात प्रोग्रॅमची चूक नाही. नमपायचा रँडम अंक २ च्या उणे ५३ व्या घाताच्या पटीत येतो. दुप्पट करणे आणि २ मधून वजा करणे संगणकाला इथे तंतोतंत जमते, त्यामुळे दर पायरीला शेवटचा एक द्विमान अंक खर्ची पडतो. ५३ अंक संपले की पिशवी रिकामी. पूर्णांकन होत नाही, हेच इथले दुखणे.

उपाय दोन. पहिला ढोबळ: २ ऐवजी १.९९९९९ घ्यायचे. काम चालते, पण मॅप बदलला हे अहवालात लिहावे लागते. दुसरा खरा: दर पायरीला शेपटीला एक नवा यादृच्छिक अंक जोडायचा. ही पळवाट वाटते, पण नीट पाहिले तर मूळ प्रणालीही हेच करते. सुरुवातीच्या बिंदूचे द्विमान अंक म्हणजे आधीच उडवून ठेवलेली नाणी, आणि नियत मॅप ती एकेक करून उघडतो. नियत आणि यादृच्छिक यांच्यातली भिंत इथे पापडाएवढी पातळ आहे.

लॉजिस्टिक मॅपमध्ये पूर्णांकन होते म्हणून कक्षा मरत नाही, पण ती आपण मागितलेली कक्षा राहत नाही. र × क्ष × (१ − क्ष) आणि र × क्ष − र × क्ष × क्ष बीजगणितात एकच. दोन्ही एकाच बिंदूपासून चालवले तर ५०–५५ पायऱ्यांच्या आसपास वाटा वेगळ्या होतात. चूक २ च्या उणे ५३ व्या घाताइतकी, दर पायरीला दुप्पट, म्हणून हिशेब बरोबर बसतो. १,००० पायऱ्यांची खरी कक्षा हवी असेल तर सुमारे ३०१ दशांश अंक खर्ची पडतात. एमपीमॅथमध्ये ३३० ठेवले, वरचे अंक उत्तर वाचायला.

२२ जुलै

द्विगुणनाचा आलेख, म्हणजे आडव्या अक्षावर र आणि उभ्यावर कक्षा. तपासायचे आकडे: फाटे (जिथे कक्षेचा आवर्तनकाळ दुप्पट होतो) ३, ३.४४९४९०, ३.५४४०९०, ३.५६४४०७ ला, सगळ्यांची हद्द ३.५६९९४६. लागोपाठच्या अंतरांची गुणोत्तरे ४.७५, ४.६६, पुढे ४.६६९२ या फायगेनबॉम स्थिरांकाकडे.

र = ३ पाशी आलेख जाड आणि धूसर येतो. आधी वाटले ठिपक्यांचा आकार मोठा आहे. तसे नाही. ३ वर स्थिर बिंदू २/३ आहे आणि तिथे विकलज उणे १. त्याच्यापासूनचे अंतर य मानले तर दोन पायऱ्यांनंतर ते य − १८ य³ होते (पुढची पदे सोडून). म्हणजे अंतर घातांकी वेगाने न घटता १ ÷ √(१८ न) ने घटते. १,००० पायऱ्या टाकून दिल्या तरी ०.००७५ उरते, १०,००० टाकल्या तरी ०.००२४. आलेखात ते दिसणारच. नेहमीचा १,००० पायऱ्यांचा बर्न-इन (सुरुवातीच्या पायऱ्या टाकून देणे) बाकी सगळीकडे चालतो, फाट्यांच्या ठिकाणी नाही. तिथे पायऱ्या वाढवण्यात अर्थ नाही, सरळ टीप लिहावी.

घातांकाच्या आलेखात र = २ आणि र = १ + √५ म्हणजे ३.२३६०६८ इथे खोल दऱ्या दिसतात. कक्षा ०.५ मधून जाते, खरे उत्तर उणे अनंत. दरी किती खोल दिसेल ते फक्त जाळीचा बिंदू किती जवळ पडला यावर ठरते. त्या खोलीला अर्थ नाही, उभा अक्ष उणे ३ ला कापला.

२ ऑगस्ट

आता यादृच्छिक भाग. पहिला प्रयत्न बहुतेक जण करतात तो: नव्या क्ष मध्ये थोडा गोंगाट मिळवायचा. र = ४ ला हा प्रयत्न टिकत नाही. क्ष एकदा १ च्या पुढे गेला की पुढची किंमत ऋण, त्यानंतर वर्ग होत होत थोड्याच पायऱ्यांत उणे अनंत. नमपाय एक इशारा देतो आणि पुढे सगळीकडे नॅन, म्हणजे ‘संख्या नाही’. गोंगाट र मध्ये घातला आणि र ० ते ४ मध्ये ठेवला तर क्ष ० ते १ सोडून जात नाही. पुढे सगळीकडे तसेच केले.

५ ऑगस्ट

र दर पायरीला नाणेफेकीने ०.५ किंवा १.९. सरासरी र = १.२, एकाहून जास्त. लोकसंख्येचा नमुना म्हणून पाहिले तर वाटते, वाढेल. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक कक्षा शून्याला जाते. पुरावा एका ओळीचा: (१ − क्ष) हा गुणक एकाहून मोठा नसतो, म्हणून क्ष निव्वळ र च्या गुणाकाराच्या वर जाऊ शकत नाही, आणि त्या गुणाकाराच्या लॉगची दर पायरी सरासरी (लॉग ०.५ + लॉग १.९) ÷ २ = अर्धा लॉग ०.९५ = −०.०२५६. ऋण. बाकीचे काम मोठ्या संख्यांचा नियम करतो.

पण हे आलेखात लगेच दिसत नाही, आणि इथेच घाईने चुकीचा निष्कर्ष निघतो. एका पायरीचे प्रमाण विचलन ०.६६७५. न पायऱ्यांनंतर उतार ०.०२५६ × न, हेलकावा ०.६६७५ × √न. दोन्ही समान होतात न = ६७५ च्या आसपास. म्हणजे ५०० पायऱ्यांचा आलेख काढून ‘टिकते’ म्हणणे किंवा ‘मरते’ म्हणणे, दोन्ही नशिबाचा भाग. १०,००० पायऱ्यांनंतर उतार २५६, हेलकावा ६७. तिथे बोलता येते. आणखी पुढे २९,००० च्या आसपास क्ष संगणकाच्या सर्वांत लहान धन संख्येखाली जाऊन खरोखरचा ० होतो. म्हणून क्ष ऐवजी लॉग क्ष साठवायचा: नवा लॉग = जुना लॉग + लॉग र + लॉग (१ − क्ष). शेवटच्या पदाला लॉग१पी (लॉग (१ + संख्या) अचूक काढणारे फंक्शन) वापरायचे, नाहीतर लहान क्ष ला अंक गळतात.

९ ऑगस्ट

वरच्याच उदाहरणात (१ − क्ष) काढून टाकला की निव्वळ गुणाकार उरतो. १०० पायऱ्यांनंतर सरासरी १.२ चा १०० वा घात, म्हणजे ८ कोटींच्या वर. मध्यक ०.९५ चा ५० वा घात, ०.०७७. एकाच प्रयोगाचे दोन आकडे, दोन्ही बरोबर.

१०,००० कक्षांची नमुना-सरासरी ८ कोटींच्या जवळपासही फिरकत नाही. कारण ती सरासरी ज्या कक्षांवर उभी आहे त्यांत १०० पैकी ७९ च्या आसपास वेळा १.९ पडलेले असते, आणि खऱ्या नाण्याने असे होणे एक अब्जात मोजक्या वेळचे. नमुना दसपट वाढवला तरी हाती काही लागत नाही. नमुना-सरासरी जुळत नाही म्हणून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसणे हा वेळेचा नाश. सरासरीची वाढ तपासायची असेल तर १.९ ची शक्यता १.९ ÷ २.४ = ०.७९ अशी झुकवून घ्यायची आणि प्रत्येक कक्षेला भरपाईचे वजन द्यायचे.

१७ ऑगस्ट

एका संख्येऐवजी मॅट्रिक्स. उदाहरण यादृच्छिक फिबोनाची: नवे पद = मागचे पद ± त्यामागचे पद, चिन्ह नाणेफेकीने. नेहमीची मालिका दर पायरीला १.६१८ पट वाढते. यादृच्छिक मालिकेचा ठराविक वेग १.१३१९८८२४, हा विश्वनाथ स्थिरांक. म्हणजे घातांक ०.१२३९८. आणि निरपेक्ष मूल्याची सरासरी वाढते १.२०५६ पटीने. ५ आणि ९ ऑगस्टचाच प्रकार. फक्त इथे दोन्ही वेग वाढीचे आहेत, म्हणून तो नजरेतून सुटतो.

घातांक शून्याहून मोठा आहे हे सिद्ध करायला आकडेमोड लागत नाही. दोन्ही मॅट्रिक्सचे (अधिक चिन्हाची एक, वजा चिन्हाची एक) निर्धारक ±१, त्यांचे गुणाकार मर्यादित राहत नाहीत आणि कोणत्याही मोजक्या दिशांचा संच ते कायम राखत नाहीत. एवढे दाखवले की फुर्स्टेनबर्गचे १९६३ चे प्रमेय पुरते. घातांक अस्तित्वात आहे याला फुर्स्टेनबर्ग आणि केस्टेन, १९६०. सगळे घातांक आणि त्यांच्या दिशा हव्या असतील तर ओसेलेदेत्स, १९६८. त्या प्रमेयाची जी सिद्धता आज वर्गात शिकवायला सोपी पडते ती गणितज्ञ एम. एस. रघुनाथन यांची, १९७९ ची, आपल्याच कुलाब्याच्या टीआयएफआरमधली (टाटा मूलभूत संशोधन संस्था). न पायऱ्यांच्या गुणाकाराची मॅट्रिक्स आणि तिचा ट्रान्सपोज यांचा गुणाकार घेऊन त्याचा २न वा मूळ कुठे स्थिरावतो ते पाहायचे. अहवालात ती पूर्ण मांडायची, उसनी ओळ टाकून सुटका नाही.

चालवताना काय बिघडते:

नमपायचे ६४ बिटांचे पूर्णांक वापरू नयेत. साधी फिबोनाचीसुद्धा ९३ व्या पदाला त्यात मावत नाही, आणि अ‍ॅरेमध्ये तो काही न बोलता ऋण संख्या देतो. डबल (६४ बिटांची अपूर्णांकी संख्या) वापरले तर ठराविक कक्षा ५,७०० पायऱ्यांच्या आसपास फुटते. म्हणून दर ५० पायऱ्यांनी लागोपाठच्या दोन पदांच्या सदिशाची लांबी मोजायची, तिचा लॉग बेरजेत टाकायचा, सदिश लांबीने भागायचा. ५० पायऱ्यांत वाढ फार तर काही हजार कोटी पट, डबलला ती झेपते.

लॉग पदाचा न घेता सदिशाच्या लांबीचा घ्यायचा. १, १ नंतर वजा चिन्ह आले की पद ०, आणि पुन्हा तोच उणे अनंत. दोन लागोपाठची पदे मात्र एकदम ० होत नाहीत.

चूक सांगताना एकाच लांब कक्षेचे तुकडे पाडायचे: १ कोटी पायऱ्या, १०,००० चा एक असे १,००० तुकडे, तुकड्यांच्या सरासऱ्यांचे प्रमाण विचलन भागिले √१०००. लागोपाठच्या पायऱ्या एकमेकींवर अवलंबून असतात, त्यांना स्वतंत्र मानून सूत्र लावले तर चुकीचा पट्टा मिळतो.

२० ऑगस्ट

आठ प्रोसेसवर काम वाटले आणि आठही उत्तरे शेवटच्या अंकापर्यंत तीच. सगळ्यांना एकच सीड (ज्या संख्येपासून यादृच्छिक अंकांची मालिका सुरू होते ती). वेळेवरून सीड घेणे हा उपाय नव्हे, दोन प्रोसेस एकाच क्षणी सुरू होतात. सीडसिक्वेन्समधून स्पॉन करून प्रत्येकाला वेगळी शाखा द्यायची आणि मूळ सीड निकालाच्या फाइलच्या नावातच लिहायचे.

१२ सप्टेंबर

आतापर्यंत अंतर वाढते का ते पाहिले. आता उलट: एकाच यादृच्छिकतेखाली वेगळ्या सुरुवाती एक होतात का? मुंबईकराला उदाहरण शोधत फिरायला नको. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांचा मिळून साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, रोजचा पुरवठा सुमारे ३,८५० धरला. भागाकार ३७६ दिवस. वर्षाची गरज १ मानली तर क्षमता १.०३. एक पायरी म्हणजे एक वर्ष, मोजमाप १ ऑक्टोबरला:

नवा साठा = यांतला लहान {१.०३, यांतला मोठा (०, जुना साठा − १) + आवक}

आवक ०.७ ते १.३ मध्ये समान शक्यतेने. हा आकडा केवळ नमुन्यापुरता, खऱ्या पावसाशी त्याची तुलना करायची नाही. बाष्पीभवन धरलेले नाही.

मॅप क्रम राखतो: जास्त साठ्याने सुरू झालेली कक्षा कमी साठ्याच्या कक्षेच्या कधी खाली जात नाही. म्हणून फक्त दोन कक्षा चालवायच्या, रिकाम्या तलावाची आणि तुडुंब तलावाची. त्या भेटल्या की मधल्या सगळ्या भेटल्या. भेट दोन्ही टोकांना होऊ शकते. आवक १.०३ किंवा जास्त असेल (शक्यता ०.४५) तर दोन्ही भरून वाहतात. आवक ०.९७ हून कमी असेल (पुन्हा ०.४५) तर पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही तळाला जातात. दोन–तीन वर्षांत सुरुवातीच्या साठ्याचा मागमूस राहत नाही. क्षमता गरजेच्या दहापट असती तर हीच आठवण कितीतरी वर्षे टिकली असती.

१८ सप्टेंबर

टिकाऊ वितरणातून (सुरुवात विसरल्यानंतर साठा ज्या शक्यतांनी आढळतो त्यातून) एक नमुना काढायचा आहे. मोह असा होतो की दोन्ही कक्षा एकत्र सोडाव्यात, भेटल्या की तिथला साठा टिपून घ्यावा. चूक. किती चूक ते या नमुन्यात हाताने काढता येते.

पुढच्या वर्षाला उरणारी शिल्लक ० ते ०.०३ असते. तलाव भरण्याची शक्यता प मानली तर शिल्लक सरासरी ०.०३ प + ०.०५ × ०.०१५, आणि प = ०.४५ + शिल्लक ÷ ०.६. सोडवले की प = ०.४७५. हे खरे उत्तर.

भेटीच्या क्षणी थांबलो तर: पहिल्याच वर्षी भेट झाली (०.४५) तर ती भरूनच झालेली असते. तळाच्या वाटेने झाली (०.४५) तर पुढच्या वर्षी भरण्याची शक्यता ०.४५. मधले १० टक्के धरून एकूण सुमारे ०.७२. म्हणजे तलाव ४७.५ टक्के वर्षी भरतो आणि आपण ७२ टक्के सांगून मोकळे. भेटीची वेळच पावसावर ठरते, आणि चांगला पाऊस भेट लवकर घडवतो. तिथे थांबणे म्हणजे चांगली वर्षे वेचून घेणे.

प्रॉप आणि विल्सन यांची १९९६ ची युक्ती: पुढे न जाता मागून यायचे. सुरुवात १ वर्षापूर्वी, मोजमाप आजच्या तारखेला. भेटल्या नाहीत तर २ वर्षांपूर्वीपासून, मग ४, ८. मोजमापाची तारीख हलत नाही, सुरुवात मागे सरकते. डायकोनिस आणि फ्रीडमन यांच्या १९९९ च्या लेखाचा गाभाही हाच: मॅप एकमेकांत बसवण्याचा क्रम उलटा केला की कक्षा भटकत न राहता एका बिंदूवर स्थिरावते.

कोडमधली खाच एकच, पण सगळे तिथेच घसरतात. ४ वर्षांपूर्वीपासून सुरू करताना शेवटच्या २ वर्षांची आवक आधी वापरलेलीच हवी. नवे अंक फक्त यादीच्या सुरुवातीला, जुन्या वर्षांच्या टोकाला जोडायचे. दर वेळी सगळी यादी नव्याने काढली तर प्रोग्रॅम चालतो, भेटही होते, आणि उत्तर पुन्हा वर सरकते. तपासणी: १ लाख नमुन्यांत भरलेल्या वर्षांचे प्रमाण ०.४७५ च्या ०.००५ आत यायला हवे. नमुन्याची चूक ०.००१६ च आहे, तेव्हा यात सबब चालत नाही.

२४ सप्टेंबर

आलेख ४ (यादृच्छिक प्रणालीची चूक) पुन्हा काढणे: आडवा अक्ष पायऱ्यांचा √ घेऊन. र = ४ च्या नियत चाचणीची चूक त्याच कागदावर वेगळ्या रेषेने, १ ÷ न आणि १ ÷ √न यांचे उतार शेजारी दिसायला हवेत. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेतले तर √ ची गरजच नाही. तसेच करायचे.